तळणीचे तेल आणि चामड्याचे स्नेहन

कमावलेल्या चामड्याचा मऊपणा हा बहुतांशी त्यात मुरवलेल्या तेलाचा गुण असतो, ही गोष्ट चर्मोद्योगाबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कमावण्याने, म्हणजे वनस्पतिजन्य टॅनिनांच्या किंवा क्रोमियमच्या क्षारांच्या संस्काराने, कातडे कुजण्यापासून वाचते आणि उष्णतेला टिकते. परंतु तेवढ्यावर थांबून ते वाळू दिले, तर हाती येते ती ताठ, वाकवली की कडकड वाजणारी आणि जोर दिल्यास वरच्या पापुद्र्याला भेगा पडणारी वस्तू. जोडा, पाकीट, हातमोजा किंवा जाकीट यांपैकी काहीही तिच्यातून निघत नाही. तेल मुरवण्याचा हा टप्पा आणि त्यासाठी लागणारे तेल हॉटेलांच्या व फरसाणाच्या कारखान्यांच्या कढयांत उरलेल्या तळणीच्या तेलापासून बनवता येईल काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हा होकार कोणत्या तेलाला, कोणत्या चामड्यासाठी आणि कोणत्या अटींवर, हे पाहिल्याशिवाय त्याला फारसा अर्थ उरत नाही.

जनावराच्या कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन होय. त्याचा एकेक रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य रेणू जुळून सूक्ष्म तंतुक होतात, तंतुकांचे तंतू व तंतूंची जुडगी बनतात, आणि ही जुडगी सर्व दिशांनी एकमेकांत गुंतून कातड्याची वीण तयार होते. ताज्या कातड्यात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि तेच तंतूंना परस्परांपासून अलग ठेवते. पाणी उडून जाऊ लागले की केशाकर्षणाने तंतू एकमेकांकडे ओढले जातात, जवळ आल्यावर त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात, आणि ओल्या शेवयांची जुडी न पसरता तशीच वाळवली म्हणजे तिचा जसा गठ्ठा होतो तशी तंतूंची गत होते. तेलाने करायचे ते एवढेच, की पाणी जाण्याआधी तंतूंवर अतिशय पातळ स्निग्ध थर चढवायचा, म्हणजे पाणी गेल्यावरही तंतू चिकटत नाहीत आणि चामडे वाकवताना ते एकमेकांवरून सरकतात. या सरकण्यामुळे चामडे सहजासहजी फाटतही नाही, कारण ताण पडलेल्या जागी अनेक तंतू ताणाच्या दिशेला वळून भार वाटून घेतात. कातड्यात मुळात असलेली चरबी हे काम का करत नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. ती चरबी पेशींत व ग्रंथींत जागोजागी साठलेली असते, तंतूंवर पसरलेली नसते, आणि तशीच राहिली तर पुढे रंगाचे डाग पाडते. म्हणून चुन्याच्या, विकरांच्या व धुलाईच्या प्रक्रियांत आधी ती कसोशीने काढून टाकायची आणि शेवटी बाहेरची स्निग्धता विकत घेऊन घालायची, हा दुहेरी खटाटोप टॅनरीला चुकत नाही. मेंढीच्या कातड्यात चरबी पुष्कळ असल्याने तेथे हा खटाटोप सर्वांत मोठा असतो.

चामड्याला तेल पाजण्याची कला कमावण्याच्या कलेइतकीच जुनी असावी. युरोपात ओलसर चामड्यावर जनावराची चरबी आणि कॉड माशाचे तेल चोळून ठेवत. पाणी हळूहळू उडे आणि त्याची जागा तेल घेई. दख्खनमध्ये विहिरीवरच्या मोटेला हाच न्याय लागू होता. मोट दिवसभर भिजते आणि रात्री वाळते, त्यामुळे तिच्या चामड्यातले तेल धुपत राहते. करडईच्या दाण्यांतून भट्टीच्या कोरड्या उष्णतेने उतरवलेले काळे, चिकट आणि खाण्याला निरुपयोगी असे तेल मोटांना, नाड्यांना व पाण्याच्या इतर चर्मपात्रांना लावले जात असल्याच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या कृषिवर्णनांत सापडतात. खाण्यासाठी काढलेले चांगले तेल घरात जाई आणि जळके तेल चामड्याला जाई, यात केवळ काटकसर नव्हती. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन दाट होतात, आणि असे दाट तेल पाण्याने लवकर धुपत नाही. मोटेला नेमके तेच हवे असते. हे ज्ञान ज्या ढोर व चर्मकार समाजांच्या हातांत होते, त्यांच्या श्रमावाचून गावाची शेती चालत नसे आणि तरी त्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले जाई. त्यांची प्रमाणे व युक्त्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत, आणि म्हणून या कलेचा महाराष्ट्रातील इतिहास आज महसुली कागदांच्या कडेकडेने गोळा करावा लागतो.

क्रोमियमने कमावण्याची पद्धत आल्यावर तेलाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये दोन टप्प्यांच्या आणि मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये एका टप्प्याच्या क्रोम पद्धतीचे पेटंट घेतले. भारतात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या पद्धतीचे प्रयोग चालवले, आणि त्या प्रयोगांच्या उद्दिष्टांत पाणी उपसण्याच्या चामडी बादल्या अधिक टिकाऊ करणे हेही एक होते, म्हणजे दक्षिणेतली मोटच. क्रोम चामडे एकदा पुरते वाळले की पुन्हा नीट भिजत नाही. त्यामुळे त्याला तेल द्यायचे ते ओले असतानाच, फिरत्या ड्रममध्ये, पाण्याबरोबर द्यावे लागते. पाण्यात तेल मिसळायचे तर त्याचे पायस करणे, म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवणे, आवश्यक ठरते. पायस होऊ शकेल अशा रीतीने तयार केलेल्या या तेलाला टॅनरीत फॅटलिकर म्हणतात. आरंभी साबण आणि गुरांच्या खुर-नळ्यांचे तेल एकत्र घुसळून किंवा अंड्याच्या बलकाने ते साधत; पुढे तेलावरच सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करून ते पाण्याशी सलोख्याचे करण्याची रीत रूढ झाली. ही रीत कापडधंद्यातून आली. एरंडेलावर सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करून बनवलेले ‘टर्की रेड ऑइल’ सुती कापडाच्या लाल रंगाईसाठी १८७० च्या दशकापासून वापरात होते.

कोणते तेल चांगले, यावर टॅनरांची मते ठाम असत. शतकभर मान मिळाला तो स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलाला, कारण ते पातळ, न खवटणारे आणि चामड्याला रेशमी स्पर्श देणारे होते. देवमाशांची संख्या घटल्यावर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेने त्याची आयात थांबवली आणि उद्योगाला पर्याय शोधावे लागले. कोकण, गोवा आणि मलबारच्या किनाऱ्यावर तारलीचे तेल उपलब्ध होते व आहे. भारतीय टॅनऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले. त्याखेरीज एरंडेल, खनिज तेलापासून बनवलेले संश्लेषित पदार्थ आणि आयात केलेले मत्स्यतेल यांवर आजचा धंदा चालतो. तात्पर्य, चर्मोद्योगाने तेलाच्या बाबतीत कधीही सोवळे पाळलेले नाही. जे मिळेल, पुरेसे मिळेल आणि चामड्यात नीट बसेल, ते त्याने घेतले. तळणीचे तेल हा त्या मालिकेतला पुढचा उमेदवार आहे, आणि त्याची परीक्षाही याच तीन कसोट्यांवर घ्यावी लागेल.

ड्रममध्ये प्रत्यक्षात काय घडते, हे जवळून पाहिल्याशिवाय ही परीक्षा करता येत नाही. क्रोमने कमावलेले, निळसर रंगाचे ओले चामडे, ज्याला धंद्यात ‘वेट ब्लू’ म्हणतात, ते शेव्हिंग यंत्रावर हव्या त्या जाडीला आणून तोलतात आणि पुढच्या सर्व द्रव्यांचे प्रमाण या वजनावर काढतात. प्रथम सोडियम फॉर्मेट व खाण्याच्या सोड्यासारख्या सौम्य क्षारांनी त्याची आम्लता कमी करतात, नंतर दुय्यम कमावणी व रंगाई होते, आणि मग पन्नास ते साठ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात फॅटलिकरचे दुधासारखे पांढरे पायस आत सोडतात. बुटाच्या वरच्या भागाच्या चामड्याला वजनाच्या सुमारे चार ते आठ टक्के, तर जाकिटाच्या किंवा हातमोज्याच्या चामड्याला त्याच्या दुपटीपर्यंत फॅटलिकर लागते. ड्रम पाऊण ते एक तास फिरतो. क्रोम चामड्यावर धन भार असतो आणि पायसातील थेंबांवर ऋण भार. म्हणून आम्लता आधी नीट उतरवलेली नसली, तर तेल आत शिरण्याऐवजी वरच्यावर फुटते, पृष्ठभाग तेलकट होतो आणि गाभा कोरडाच राहतो. तेल आत पोहोचल्याची खात्री पटली की फॉर्मिक आम्ल पातळ करून दोन-तीन हप्त्यांनी घालतात. पीएच साडेतीन ते चारच्या दरम्यान येतो, पायस तंतूंवरच फुटते आणि तेल तेथे पक्के बसते. अनुभवी कारागीर या वेळी ड्रमच्या झाकणातून तांब्याभर पाणी काढून पाहतो. दुधाळपणा जाऊन पाणी निवळले असेल तर तेल चामड्याने घेतले. गढूळ राहिले असेल तर पैसा नाल्यात चालला. ही गढूळता नुसत्या पैशाची नसते. नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे बंधन आहे, आणि पालार नदीच्या खोऱ्यातील टॅनऱ्यांविषयीच्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाराच भरपाई देईल’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितल्यापासून अशा गढूळ पाण्याची किंमत टॅनरीच्या हिशेबात धरावीच लागते.

आता कढईकडे वळले पाहिजे. खाद्यतेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइडे, ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन वसाम्ले जोडून झालेली संयुगे. १७० ते १९० अंश सेल्सियसला तापलेल्या तेलात वडा किंवा भजे पडले की तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. पदार्थातल्या पाण्याची वाफ ट्रायग्लिसराइडांचे जलविच्छेदन करते, त्यामुळे वसाम्ले सुटी होतात आणि एक-दोन वसाम्ले शिल्लक राहिलेली अर्धवट ग्लिसराइडे मागे उरतात. हवेतील ऑक्सिजन असंतृप्त वसाम्लांच्या दुहेरी बंधांजवळ शिरकाव करून पेरॉक्साइडे, आणि त्यांच्या तुटण्यातून अल्डिहाइडे, कीटोने व हायड्रॉक्सिल गट असलेली संयुगे निर्माण करतो. जळक्या तेलाचा उग्र वास यांपैकी काहींचा असतो. आणि तिसरे म्हणजे बहुवारिकीकरण, रेणूला रेणू जोडला जाऊन तेल दाटणे. कढईच्या काठावर जमणारा तपकिरी, चिकट, घासूनही न निघणारा लेप ही त्याचीच अखेरची अवस्था. मूळ ट्रायग्लिसराइडांपेक्षा वेगळ्या झालेल्या या सर्व संयुगांना मिळून ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ उपक्रम सुरू केला, आणि १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांवर नोंदी ठेवण्याचे व तेल अधिकृत संस्थांकडेच देण्याचे बंधन घातले.

या दोन प्रक्रिया शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट दिसते. फॅटलिकर बनवणारा रसायनज्ञ शुद्ध तेलाला पाण्याकडे झुकवण्यासाठी त्यात ध्रुवीय गट घालतो, आणि कढई तेच, नको असताना, करून ठेवते. एरंडेल फॅटलिकरसाठी इतके सोयीचे का ठरले, तर त्यातील रिसिनोलेइक या प्रमुख वसाम्लावर मुळातच हायड्रॉक्सिल गट असतो आणि सल्फ्यूरिक आम्ल त्याला पटकन धरते. तळलेल्या तेलातील अर्धवट ग्लिसराइडांवर आणि ऑक्सिडीकरणाने झालेल्या संयुगांवरही असे गट असतात. म्हणजे तळणीचे तेल थोड्या अंशाने का होईना, एरंडेलाच्या दिशेने सरकलेले असते. सुटी झालेली वसाम्ले जैवडिझेल बनवणाऱ्याला अडचणीची असतात, कारण त्याच्या क्षारीय प्रक्रियेत त्यांचा साबण होऊन उत्पादन अडते व घटते. फॅटलिकर बनवणाऱ्याला मात्र अखेरच्या उदासिनीकरणात तोच साबण पायसाला आधार म्हणून उपयोगी पडतो. जैवडिझेलचा दोष येथे काही मर्यादेपर्यंत गुण ठरतो. हे पाहता, तळणीचे तेल थेट जाळण्याच्या वाटेला लावणे ही त्याच्या रसायनाची उधळपट्टी आहे, असे म्हणण्यास जागा आहे. कढईने अर्धे काम केलेले आहे. अडचण एवढीच, की ते तिने मापाशिवाय केले आहे.

प्रत्यक्ष कृती गुंतागुंतीची नाही, पण हलगर्जीपणा सोसणारी मुळीच नाही. गोळा केलेले तेल थोडे तापवून पातळ करायचे, कापडातून व नंतर बारीक जाळीतून गाळून पिठाचा व मसाल्याचा गाळ काढायचा, दोन-तीन दिवस स्थिर ठेवून तळाचे पाणी सोडायचे, आणि शंभर अंशांच्या थोडे वर तापवून उरलेला ओलावा उडवायचा. रंग आणि वास फार असेल तर सक्रिय माती किंवा सक्रिय कोळशातून ते काढता येतात, मात्र प्रत्येक गाळणीगणिक काही तेल त्या मातीत जाते. मग येते सल्फेटीकरण. थंड पाण्याच्या वेष्टनाच्या, आम्लाला न जुमानणाऱ्या भांड्यात तेल सतत ढवळत ठेवून त्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के संहत सल्फ्यूरिक आम्ल तीन-चार तासांत अगदी बारीक धारेने सोडतात आणि तापमान तीस अंशांच्या वर चढू देत नाहीत. धार वाढली आणि तापमान वर गेले की तेल करपते, काळे पडते, सल्फर डायऑक्साइडचा झणझणीत वास सुटतो आणि तो घाण परत चांगला होत नाही. क्रिया झाल्यावर मिठाच्या संहत द्रावाने धुऊन मोकळे आम्ल खालच्या थरातून काढून टाकतात आणि कॉस्टिक सोड्याने वा अमोनियाने उदासिनीकरण करतात. तयार मालाचा दहा भाग व गरम पाण्याचा नव्वद भाग घेऊन केलेले पायस चोवीस तास न फाटता राहिले, तर माल वापरायला योग्य समजतात. दुसरी वाट सल्फाइटीकरणाची आहे: तेलात गरम हवा फुंकून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करायचे व मग सोडियम बायसल्फाइटशी त्याचा संयोग घडवायचा. हा माल मीठ, आम्ल आणि क्रोमियमचे क्षार यांच्या सहवासातही फाटत नाही आणि चामड्यात खोल जातो. तिसरी वाट अशी, की तेलाचे आधी मिथिल एस्टरांत वा अमाइडांत रूपांतर करून रेणू लहान करायचे आणि मग त्यांवर वरील क्रिया करायच्या. शिवाय सर्वच तेलावर क्रिया करावी लागते असे नाही. कोणत्याही फॅटलिकरमध्ये वाहून नेणारा सल्फेटयुक्त भाग आणि खरे स्नेहन करणारा कोरा तेलाचा भाग असे दोन्ही असतात. स्वच्छ केलेले तळणीचे तेल या दुसऱ्या भागातही खपू शकते.

येथपर्यंतचे चित्र आकर्षक आहे, आणि टाकाऊतून टिकाऊ बनवण्याच्या योजनांचे अहवाल बहुधा येथेच संपतात. अडचणी यापुढे आहेत. भारतात खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागते व त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. हॉटेले आणि फरसाणवाले स्वस्त व तळणात टिकणारे म्हणून पामोलिनच पसंत करतात. पामोलिन टिकते ते त्यातील संतृप्त वसाम्लांमुळे, आणि नेमकी तीच चामड्याला बाधतात. त्याचे आयोडीन मूल्य, म्हणजे दुहेरी बंधांच्या प्रमाणाचे माप, साठच्या आत-बाहेर असते, तर सोयाबीनचे व सूर्यफुलाचे १२० च्या वर. दुहेरी बंध कमी म्हणजे सल्फेटीकरणाला जागाही कमी. त्यात पामिटिक व स्टिअरिक ही संतृप्त वसाम्ले सुटी झालेली असली, तर थंडी पडल्यावर ती चामड्याच्या पृष्ठभागावर येऊन गोठतात आणि बुटावर पांढरी भुकटी धरते. टॅनर तिला ‘स्प्यू’ म्हणतात. ग्राहकाला ती बुरशी वाटते आणि माल परत येतो. सोयाबीन वा सूर्यफुलाच्या तेलात हा दोष नाही, पण त्याच्या उलट दुसरा आहे: ते उन्हात पिवळे पडते, त्यामुळे पांढऱ्या व फिक्या रंगांच्या चामड्याला चालत नाही. मोटारींच्या आसनांच्या चामड्यातून उडणाऱ्या द्रव्यांची काचेवर धुकट पटले बसू नयेत अशी अट असते, आणि तळणीच्या तेलातील लहान तुकडे झालेले रेणू तिथे नापास होतात. दाट झालेले रेणू तर तंतूंच्या खोल जाळ्यात शिरतच नाहीत, वरच्या थरात राहतात. म्हणून या तेलाची खरी जागा काळ्या-तपकिरी रंगांचे बुटांचे चामडे, अस्तराचे चामडे आणि कामगारांचे हातमोजे यांत आहे. ही जागा लहान नाही, पण सारा चर्मोद्योग म्हणजे ती नव्हे.

यापेक्षा गंभीर प्रश्न षट्संयुजी क्रोमियमचा आहे. कमावण्यासाठी वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी असते. षट्संयुजी रूप मात्र त्वचेला तीव्र ॲलर्जी आणणारे आणि श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक आहे. असंतृप्त तेलांचे हवेत ऑक्सिडीकरण होताना निर्माण होणारी पेरॉक्साइडे व मुक्त मूलके चामड्यातील थोड्या त्रिसंयुजी क्रोमियमला षट्संयुजी करतात, आणि ऊन, उष्णता, कोरडी हवा व कमी आम्लता या क्रियेला हातभार लावतात. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवून १ मे २०१५ पासून अमलात आणली, आणि निर्यातीवर उभ्या असलेल्या आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट, कानपूर व कोलकात्याच्या टॅनऱ्यांना तेव्हापासून हा आकडा पाठ आहे. तळणीचे तेल आधीच ऑक्सिडीकरणाच्या वाटेवर असल्याने त्याच्याबाबत हा धोका अधिक समजून चालणे शहाणपणाचे ठरेल. उपाय उपलब्ध आहेत. तेलातील पेरॉक्साइडे प्रक्रियेतच मोडून टाकणे, त्यात प्रतिऑक्सिडीकारक घालणे, आणि दुय्यम कमावणीत मिमोसा किंवा तारा यांसारखी वनस्पतिजन्य टॅनिने दोन-तीन टक्के वापरणे, कारण ही टॅनिने मुक्त मूलकांना गिळतात. हिरड्याचे टॅनिन ताराच्याच, म्हणजे जलविच्छेदनशील, कुळातले आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे जो हिरडा वेचतात, त्याला कोल्हापुरी चपलेच्या कमावणीपलीकडे हेही एक गिऱ्हाईक मिळू शकेल काय, याकडे कोणी प्रयोगशाळेने लक्ष द्यावे, एवढी ही गोष्ट सुचवण्याजोगी आहे. चेन्नईची १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि तेल-तंत्रज्ञानाची परंपरा असलेली मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्यातील अंतर अशा कामासाठी फार नाही.

महाराष्ट्राचा संबंध कमावण्यापेक्षा तेलाशी अधिक आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. धारावीत एकेकाळी टॅनऱ्यांची वस्ती होती. आज तेथे मुख्यतः बाहेरून आलेल्या तयार चामड्याच्या पिशव्या, पट्टे व जाकिटे शिवली जातात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले, त्यामुळे क्रोमियमचा प्रश्न तेथे उद्भवत नाही आणि तेलही ड्रमऐवजी हाताने दिले जाते. त्या छोट्या कारखानदारांनी आपल्या अंगणात संहत सल्फ्यूरिक आम्ल हाताळावे, असे सुचवणे बेजबाबदारपणाचे होईल. तयार माल कारखान्यात बनावा आणि त्यांनी तो विकत घ्यावा, हेच योग्य. कच्चा माल मात्र मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत कढईकढईतून तयार होत असतो.

तो मिळवणे हीच सर्वांत अवघड पायरी आहे. रुको उपक्रम सुरू करताना वर्षाला सुमारे २२० कोटी लिटर तेल जैवडिझेलसाठी गोळा होऊ शकेल असा अंदाज मांडला गेला होता. एक टन वेट ब्लूला आठ टक्क्यांनी ८० किलो फॅटलिकर लागते हे धरले, तर देशातील साऱ्या टॅनऱ्यांची गरज या साठ्याच्या लहानशा अंशातच भागेल. तेव्हा चर्मोद्योगाने जैवडिझेलचा घास काढून घेतला, अशी तक्रार कोणी करू नये. स्पर्धा निराळ्याच ठिकाणी आहे. मोठ्या हॉटेलातले तेल लहान गाड्यांवर, आणि तिथून आणखी लहान गाड्यांवर उतरत जाते, कारण ते ताज्या तेलाहून स्वस्त असते आणि त्याची विचारपूस करणारा कोणी नसतो. ५० लिटरांच्या अटीखाली ही गाडी येतच नाही. जुन्या तेलात रोज नवे ओतत राहण्याच्या सवयीमुळे एकाच पिंपात आठ दिवसांचे आणि कालचे तेल एकत्र असते, आणि जैवडिझेलच्या कारखान्याला त्याचे सोयरसुतक नसले तरी फॅटलिकरच्या कारखान्याला असते. एका घाणाला निघालेले चामडे मऊ आणि दुसऱ्या घाणाचे चिकट निघाले, तर टॅनर पुन्हा मत्स्यतेलाकडे जातो. त्याला स्वस्ताईपेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा.

त्यामुळे हा धंदा उभा राहायचा असेल तर तो संयंत्रापासून नव्हे, पिंपावरच्या चिठ्ठीपासून सुरू करावा लागेल. मूळ तेल कोणते, आम्ल मूल्य किती, आयोडीन मूल्य किती आणि ध्रुवीय संयुगे किती, एवढ्या चार नोंदी तीवर असल्या, तर कारखान्याला पामोलिनचे तेल एका टाकीत, सोयाबीनचे दुसऱ्या टाकीत ठेवता येईल, हवे तसे मिश्रण करता येईल आणि फार दाटलेले तेल बाजूला काढून जैवडिझेलला देता येईल. ध्रुवीय संयुगे मोजणारे हातात धरण्याचे उपकरण अन्न निरीक्षकांकडे असतेच. बाकीच्या दोन मोजण्या कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होतात. आज तेल गोळा करणारा सगळ्या तेलाला वजनावर एकच भाव देतो. प्रतीवर भाव देण्याची पद्धत पडली, २० टक्क्यांच्या आतल्या तेलाला अधिक आणि तीसच्या वरच्याला कमी असे दर लागले, तर वेळेवर कढई रिकामी करणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतील आणि तेल किती दिवस वापरले, हे लपवण्यापेक्षा सांगण्यात वडे तळणाऱ्याचाही फायदा राहील.